पहिलटकरणीची फाईल माहेरी का येत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातव्या महिन्यात लेक माहेरी येते, तिची ओटी भरतात, डोहाळजेवण होते. पण पहिल्या सहा महिन्यांच्या तपासणीची फाईल मात्र सासरच्या कपाटातच राहते. मी ३१ वर्षे आरोग्यसेविका म्हणून काम केले. तरीही यंदा शेजारच्या घरी जे पाहिले, त्यानंतर हे पत्र लिहिल्याशिवाय राहवले नाही.

शेजारची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून आली होती. डोहाळजेवणाला हिरवा चुडा भरताना बांगड्या हातात जाईनात. लग्नातल्या मापापेक्षा दोन मापे मोठ्या आणाव्या लागल्या. बायका कौतुकाने म्हणाल्या, "अंगाने भरलीय पोर." मी तिचा चेहरा पाहिला, पापण्या सुजलेल्या होत्या. विचारले तर म्हणाली, "मावशी, दोन दिवस डोकं दुखतंय, पित्त झालंय बहुतेक." घरून मशीन आणून बीपी घेतले, १५६/१०४. फाईल पुण्यात होती. जावयाने रात्री फोटो पाठवले, त्यात तिसऱ्या महिन्यातले बीपी १०४/६६ होते. मधल्या दोन भेटींत आकडाच नव्हता, नुसते 'नॉर्मल' लिहिले होते. लघवीत प्रोटीन निघाले. त्याच रात्री ती दाखल झाली. चौतिसाव्या आठवड्यात सिझर करावे लागले. पावणेदोन किलोचे बाळ बरेच दिवस काचेच्या पेटीत होते. आज दोघे सुखरूप आहेत.

गरोदरपणात बीपी वाढून लघवीत प्रोटीन जाण्याच्या या आजाराला डॉक्टर प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. सुरुवातीच्या महिन्यांतच वार (प्लॅसेंटा) गर्भाशयात नीट रुजलेली नसते. तिला रक्त पुरवणाऱ्या नसा हव्या तेवढ्या रुंदावत नाहीत. त्याचा त्रास पुढे आईच्या मूत्रपिंडाला, यकृताला, मेंदूला होतो. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याहून वर गेले की सावध व्हायचे, १६०/११० म्हणजे धावपळ करायची वेळ. पहिलटकरणींत हे जास्त दिसते आणि जास्त करून शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणजे आपल्या रीतीने लेक नेमकी गाव आणि डॉक्टर बदलते, तेव्हाच! नव्या डॉक्टरांना १३४/८६ दिसले तर तो आकडा मर्यादेत बसतो. तिचे आधीचे १००/६४ त्यांच्यासमोर असेल, तर तेच डॉक्टर महिन्याने नव्हे, दोन-तीन दिवसांनी परत बोलावतील.

माहेरपणाच्या रीतीला माझा विरोध नाही. आईच्या हाताखाली बाळंतपण व्हावे असे कोणाला वाटत नाही? पण फळे, साडी आणि ओटीच्या सामानाआधी पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड आणि फाईल गेली पाहिजे.

पाय सुजणे हे बऱ्याच गरोदर बायकांत होते, ते खरे. म्हणूनच फसगत होते. अंगठी निघत नाही, तोंड सुजते, आठवड्यात वजन एकदम वाढते, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे येतात, छातीखाली उजवीकडे दुखते, यातले काहीही झाले तरी 'पित्त' म्हणून अंगावर काढू नका. मीठ बंद करून हा आजार टळत नाही. आणि काही जणींना यातले काहीच जाणवत नाही, त्यांचा आजार फक्त मशीनला आणि लघवीच्या तपासणीला कळतो.

बाळंतपण झाले म्हणजे सुटलो, असेही नाही. याच आजाराने त्यानंतरही झटके येऊ शकतात. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका वाडीवर तिसऱ्या दिवसाच्या बाळंतिणीचे डोके दुखू लागले. वारा लागला म्हणून घरच्यांनी कानाला फडके आणखी घट्ट बांधले. पहाटे झटके आले. बाहेरची बाधा समजून आधी देवऋषी आणला, मग जीप. ती वाटेतच गेली. आदल्या दिवशी मी बाळाचे वजन करायला त्या घरी गेले होते. तिचे बीपी मी घेतले नव्हते. ते माझ्या मनातून आजही जात नाही.

झटके टाळणारे औषध स्वस्त आहे आणि जुने आहे. मॅग्नेशियम सल्फेट, आमच्या भाषेत मॅगसल्फ. ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. या इंजेक्शनाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे त्यात दिसले. असा गंभीर आजार असलेल्या बाईला मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅमचा पहिला डोस आरोग्यसेविकेने द्यावा, असे सरकारी मार्गदर्शक सूचनांतच आहे. तेव्हा प्रत्येक उपकेंद्रात ते इंजेक्शन मुदतीतले आहे का, बीपीच्या मशीनचा पट्टा फाटलेला नाही ना, लघवीच्या पट्ट्या आहेत का, हे ग्रामपंचायत सदस्यांनी स्वतः जाऊन पाहावे. डॉक्टर-नर्स भगिनींनाही विनंती आहे की 'नॉर्मल' लिहू नका, आकडा लिहा आणि तो तिला मोठ्याने सांगा. बाराव्या आठवड्याआधी गरोदरपणाची नोंद झाली, तर जास्त धोका असलेल्या बाईला कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन डॉक्टर वेळेत सुरू करू शकतात. उशीर झाला, तर तिचा फायदा कमी होतो.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणे आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. शहरातून माहेरी आलेल्या लेकींच्या घरी हे अनेकदा माहीतच नसते. आपण दर महिन्याच्या ८ तारखेच्या अंकात पहिल्या पानावर दोन ओळींची चौकट छापाल का? 'उद्या ९ तारीख. माहेरी आलेल्या लेकीला फाईल घेऊन तपासणीला न्या.'

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
कराड, जि. सातारा