पेन्सिलीनं लिहिलेली नावं आणि तुमचा आवाज

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरून परतल्यापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. फोन करायला घेतला की गळा दाटून येतो, म्हणून लिहिते. चारचौघांना वाचता येईल असं लिहिते, म्हणजे आजोबांच्या वहीची ज्यांनी बोळवण केली त्यांच्याही नजरेस कधीतरी पडेल.

आकाशवाणीचं पुणे केंद्र म्हटलं की बोलणं गीतरामायणावर जातं. जावंच. २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालेल्या केंद्रानं १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून आठवड्याला एक याप्रमाणे माडगूळकर-फडक्यांची ५६ गीतं ऐकवली, मध्ये अधिक महिना आला तोही धरून. पण ती मालिका चालू असतानाच, १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, याच केंद्रावरून युनेस्कोच्या मदतीनं आणखी एक काम झालं. पाच जिल्ह्यांतली सुमारे १५० गावं, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, एकूण २० कार्यक्रम. गावातल्या वीसेक जणांच्या श्रोता मंडळानं एकत्र बसून ऐकायचं, तिथल्या तिथं चर्चा करायची आणि आपलं म्हणणं केंद्राला लिहून कळवायचं. ऐकणाऱ्यानं रेडिओला उलट प्रश्न विचारायचा! हा प्रयोग इतका जमला की १९५९ मध्ये अशी मंडळं देशभर सुरू झाली.

तेव्हाच्या उत्तर सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव त्यांतलं एक, आणि आईचे वडील मंडळाचे चिटणीस. कार्यक्रम संपला की कंदिलाच्या उजेडात कोण काय म्हणालं ते लिहून काढायचे. विहिरीत औषध कुणी टाकायचं, बालवाडीला जागा कुणी द्यायची, सगळं त्या वहीत आहे.

ही वही कुणी जपून ठेवेल का, हे विचारत मी कुठे कुठे गेले ते तुम्हाला सांगितलंच. एका संस्थेत तर वही न उघडताच परत केली. "पेन्सिलीचं आहे, पुसट झालंय. शिवाय यात नाव असलेलं कोण आहे?" आई शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही, परतताना रिक्षात मात्र वही पदराखाली धरून बसली. नकाराचं दुःख नाही हो. पण एखाद्या म्हातारीसमोर तिच्या वडिलांबद्दल असं बोलतात?

तुम्ही आकाशवाणीचे जुने निवेदक, तुमच्याकडे आलो ती फक्त माहिती विचारायला. ती तुम्ही भरभरून दिलीत. व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक ग्रामीण कार्यक्रम करायचा तेव्हा खेड्यातली भाषा स्टुडिओत कशी आली, मध्यम लहरी डोंगरापलीकडच्या गावांपर्यंत कशा पोचतात, पुणे केंद्राचं ७९२ किलोहर्ट्झ रात्री लांबवर कसं लागतं, सगळं. त्याबद्दल आभार आहेतच.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. तुम्ही वही हातात घेतलीत, उठून पंखा बंद केलात, चष्मा पुसलात आणि पहिल्या बैठकीची हजेरी मोठ्यानं वाचायला लागलात. निवेदकाच्या आवाजात. वहीत नुसतं "दगडू सुतार" लिहिलं होतं, तुम्ही "श्रीयुत दगडू सुतार" वाचलंत. प्रत्येक नावानंतर क्षणभर थांबलात. एक आडनाव लागेना, तर अंदाजानं रेटलं नाहीत, आईला विचारलंत, "ताई, हे बर्गे की बर्वे?" शेवटी आजोबांचं नाव आलं, आणि आई पदर सावरून खुर्चीत ताठ बसली.

ते लोक आयुष्यभर रेडिओ ऐकत आले. रेडिओच्या आवाजात त्यांची नावं कुणी घेतली नव्हती. तुम्ही घेतलीत, तेही निवृत्त होऊन इतकी वर्षं झाल्यावर, दोन अनोळखी बायकांसाठी. समोरच्याचं नाव नीट उच्चारावं, कळलं नाही तर विचारावं, यात पैसा लागत नाही की पद लागत नाही. तरी किती थोड्या लोकांकडे हे असतं, ते मला यंदा कळलं.

वहीचं स्कॅनिंग पूर्ण झालंय. एक प्रत गावच्या वाचनालयाला दिली, दुसरी तुम्हाला पोस्टानं पाठवतेय. बर्गेच बरोबर, गावात खात्री करून घेतली. आईनं सोबत कुळथाचं पीठ दिलंय आणि काकूंना सांगायला सांगितलंय की पिठलं जरा पातळच करा.

तुमची,
चिटणिसांची नात