अनोळखी मदतनीसांचे आभार

काम सुटलं, भाडं भरल्यावर हातात काही उरेना, तेव्हा आमची चूल पेटती ठेवणाऱ्या फूड बँकेतल्या अनोळखी मंडळींचे मनापासून आभार. दुकानांत उरलेला माल आणायचा, पाकिटापाकिटावरची तारीख बघायची, फुगलेले डबे बाजूला काढायचे, हे किचकट काम तुम्ही पहाटेच उरकत होतात. पिशवी भरताना एका ताईंनी हळूच विचारलं, "घरी गॅस आहे ना?" ज्यांच्याकडे नाही, त्यांच्यासाठी न शिजवता खाता येईल असं वेगळं बांधून ठेवलेलं. एवढा विचार कोण करतं हो! पिशवीवर संस्थेचं नाव नव्हतं. फोटोही काढला नाहीत, त्याबद्दल तर विशेष आभार. मुलांचं दुपारचं जेवण शाळेत व्हायचं. सुट्टी लागली की तेही बंद. हे न सांगता ओळखून त्या आठवड्यांत तुम्ही आमची पिशवी जड केलीत.