आधी शिडी, मग कन्सोल

महोदय,
नाटकाच्या प्रकाशयोजनेकडे वळणाऱ्या नवोदितांना आधी कन्सोल, म्हणजे दिवे चालवणारा नियंत्रण-फलक, हवा असतो. शिकायला दिवे लावायच्या शिडीवरच चढावे लागते. समोरून सरळ झोत टाकला की चेहरा सपाट दिसतो; दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांतून, एक उबदार आणि एक थंड छटेचा प्रकाश दिला की नाक-गालांना उठाव येतो. मागून झोत नसेल तर नट पडद्याला चिकटल्यासारखा वाटतो. हॅलोजन दिव्याच्या काचेला उघडे बोट लावू नये. त्वचेच्या तेलाने काच तिथे जास्त तापते नि दिवा लवकर जातो. डीएमएक्सच्या (कन्सोलचे आदेश दिव्यांपर्यंत नेणाऱ्या संकेत-पद्धतीच्या) साखळीत शेवटी १२० ओमचा टर्मिनेटर (संकेत उलटा परतू न देणारा रोधक) नसेल, तर दिवे ऐन प्रवेशात लुकलुकू शकतात. शिव्या मात्र कन्सोल खातो!

– एक प्रकाशयोजनाकार