रामा शेट्टी आवाज चढवत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला गुन्हेगारीपटांतल्या खलनायकांवरचा लेख आवडीने वाचला. पण आमच्या नगरच्या सदाशिव अमरापूरकरांच्या वाट्याला त्यात जेमतेम दीड ओळ आली, आणि तीही फक्त ‘सडक’मधल्या महाराणीवर. फोटोसुद्धा साडीतलाच! म्हणून हे पत्र.

‘सडक’मधले (१९९१) काम लहान होते असे माझे म्हणणे नाही. हिंदी पडद्यावर कुंटणखाना चालवणारी तृतीयपंथी महाराणी रंगवायला धारिष्ट लागते, आणि फिल्मफेअरने खलनायकासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला तेव्हा पहिला मान त्यांनाच मिळाला. पण बांगड्या, टाळ्या, हेल काढून बोलणे हे सगळे कुणाच्याही चटकन लक्षात राहते. खरी कमाई त्याआधी आठ वर्षांची आहे.

‘अर्धसत्य’ (१९८३) मी वडिलांबरोबर पाहिला. सब-इन्स्पेक्टर वेलणकर अटक करायला म्हणून गुंड रामा शेट्टीच्या, म्हणजे अमरापूरकरांच्या, दारात जातो. आता बाचाबाची होणार, माणसे अंगावर धावून येणार, असे वाटून आम्ही सावरून बसलो. तसे काहीच झाले नाही. शेट्टीने एक फोन लावला. पलीकडून वरिष्ठांचा हुकूम आला आणि अंगात वर्दी असलेला माणूस हात हलवत परतला. शेट्टीच्या चेहऱ्यावर ना राग, ना जिंकल्याचा आनंद. दारावर आलेल्या वसुलीवाल्याला ‘उद्या या’ म्हणावे, इतकेच. वडील सरकारी नोकरीतले. थिएटरबाहेर आल्यावर एवढेच म्हणाले, ‘असले फोन मी पाहिलेत.’

कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा तेंडुलकरांची, कविता दिलीप चित्र्यांची. इतकी मराठी माणसे एकत्र असलेल्या या हिंदी चित्रपटात शेट्टी कोण करणार, तर हिंदी प्रेक्षकाने नावही न ऐकलेला नगरचा नाटकवाला. ‘हँड्स अप’ नाटकातले त्यांचे काम पाहून दिग्दर्शक गोविंद निहलानींनी त्यांना घेतले. शेट्टीचे प्रसंग मोजायला बसलात तर हाताची बोटे पुरतील. तरी ओम पुरींचा वेलणकर घरी आणि चौकीत धुमसतो तेव्हा शेट्टी तिथे नसूनही असतो. सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर याच भूमिकेला मिळाले.

पुढे हिंदीने काय केले? ‘आखरी रास्ता’, ‘हुकूमत’ आणि मग रांगच लागली. ज्याने न ओरडता दरारा बसवला, त्यालाच डोळे वटारून ओरडायला लावले. त्यातल्या निम्म्या चित्रपटांची नावे मलाही आठवत नाहीत आणि आठवण्याची गरजही नाही. बरे, विनोदाची जाण दांडगी होती. ‘आँखें’मध्ये (१९९३) रामा शेट्टीलाच इन्स्पेक्टरची वर्दी चढलेली पाहून मी एकटाच जरा जास्त हसलो असेन. ‘दोघी’ आणि ‘वास्तुपुरुष’ ज्यांनी पाहिले, त्यांना या माणसाबद्दल वेगळे सांगायला नको.

लेखात ‘नव्वदनंतर ते मागे पडले’ असेही म्हटले आहे. ते तितकेसे खरे नाही. ‘बॉम्बे टॉकीज’मधली (२०१३) दिबाकर बॅनर्जींची गोष्ट पाहावी. नवाजुद्दीन सिद्दिकीचा पडेल नट एका क्षुल्लक भूमिकेची तालीम करत असतो. तिथे कचऱ्याच्या ढिगातून त्याचा दिवंगत नाट्यगुरू उगवतो आणि त्याला झापतो. तो गुरू अमरापूरकरांनी केला. त्यानंतर पुढच्याच वर्षी, ३ नोव्हेंबर २०१४ रोजी, ते गेले.

पुढच्या वेळी फोटो छापाल तेव्हा एक शेट्टीचाही छापा. त्यात दागिना, रंग काही दिसणार नाही, पण नगरकर बरोबर ओळखतील.

आपला,
एक जुना वाचक, नगर