सोमवारी दाखल होण्यापूर्वी

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर ‘कळा आणण्याचे औषध’ हा विषय निघाला की आईचा आवाज कापरा होतो, बाबांना अर्धे ऐकू येत नाही, आणि मग मीच ‘बरं, उद्या बोलू’ म्हणून फोन ठेवते. अशा अर्धवट बोलण्याने तुमची काळजी वाढते आणि माझीही. म्हणून डॉक्टरांनी काय ठरवले आहे, ते का ठरवले आहे, मला कशाची भीती वाटते आणि तुमच्याकडून काय हवे आहे, हे सगळे एकदा सविस्तर लिहिते आहे. बाबांनी हे पत्र आईला वाचून दाखवावे आणि मधला एकही परिच्छेद गाळू नये.

येत्या सोमवारी संध्याकाळी मला रुग्णालयात दाखल व्हायचे आहे. त्या दिवशी ३९ आठवडे पूर्ण होतात. आई, तुझे म्हणणे मला ठाऊक आहे: बाळाला आपली वेळ कळते, कळा आपोआप येऊ द्याव्यात, घाई कशाला. साखरेचा प्रश्न नसता तर मीही हेच म्हटले असते, आणि डॉक्टरांनीही आणखी वाट पाहिली असती. परंतु ७५ ग्रॅम ग्लुकोजचे पाणी पिऊन दोन तासांनी तपासलेली साखर १४० च्या वर गेली, पथ्य पाळूनही ती ताब्यात राहीना, आणि तेव्हापासून मी इन्सुलिन घेते आहे. इन्सुलिन वारेतून बाळापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे त्याची चिंता नको; साखर मात्र पोहोचते. ती जास्त राहिली तर बाळ प्रमाणाबाहेर वाढते, विशेषतः खांद्यांशी, आणि प्रसूतीच्या वेळी डोके बाहेर येऊन खांदे अडकण्याची शक्यता वाढते. शिवाय इन्सुलिनवर असलेल्या बाईने दिवस भरल्यावरही थांबून राहिले तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका थोडा थोडा वाढत जातो. हे वाक्य लिहिणे मला फार जड गेले, पण ते तुमच्यापासून दडवले तर ही तारीख का धरली ते तुम्हाला कधीच पटणार नाही.

आई, तुझ्या भीतीचे मूळही मला माहीत आहे. धाकट्या मावशीच्या बाळंतपणात घरी बोलावलेल्या माणसाने तिच्या कमरेत कळांचे इंजेक्शन दिले, त्यानंतर कळा इतक्या लागोपाठ आल्या की तिला दम घ्यायला उसंत मिळाली नाही, आणि शेवटी रात्री होडीतून खाडी ओलांडून तिला न्यावे लागले. मावशी आणि बाळ दोघेही वाचले, तरी तू ते सगळे डोळ्यांनी पाहिले आहेस. मला तू ते कधीच पूर्ण सांगितले नाहीस. जे कळले ते आत्याकडून. म्हणून मी डॉक्टरांना सर्वांत आधी त्याच इंजेक्शनाबद्दल विचारले.

त्यांनी समजावले ते असे. औषध तेच आहे, ऑक्सिटोसिन. ते आपल्या शरीरात मुळातच तयार होते. १९५३ साली व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो या रसायनशास्त्रज्ञाने ते प्रयोगशाळेत तयार केले, आणि १९५५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले त्यात या कामाचा मोठा वाटा होता. फरक आहे तो ते देण्याच्या पद्धतीत. स्नायूत एकदम टोचलेले औषध परत काढून घेता येत नाही, ते आपला परिणाम पुरा करूनच ओसरते, आणि म्हणून बाळ बाहेर येण्यापूर्वी ते तसे देणे धोक्याचे असते. शिरेतून सलाइनमध्ये दिले तर अगदी थोड्या प्रमाणात सुरुवात करून साधारण अर्ध्या अर्ध्या तासाने वाढवता येते, आणि गरज वाटली तर त्याच क्षणी बंद करता येते. रक्तातले औषध मग काही मिनिटांतच कमी होऊ लागते. दहा मिनिटांत पाचाहून अधिक कळा येऊ लागल्या, किंवा बाळाचे ठोके घसरू लागले, तर सलाइन थांबवून मला डाव्या कुशीवर वळवतील. मावशीजवळ त्या रात्री हे पाहणारे कोणीही नव्हते. माझ्या पोटावर दोन पट्टे बांधलेले असतील, एक कळा मोजणारा आणि दुसरा बाळाचे ठोके टिपणारा.

ते यंत्र मी पाहून आले आहे. मागच्या आठवड्यात मी परिचारिकेला विनंती केली, तेव्हा तिने मला प्रसूतिगृह आतून दाखवले. हिरव्या रेक्झिनची उंच खाट, पायांकडे दोन कड्या, भिंतीवर मोठे घड्याळ, आणि कोपऱ्यात ते यंत्र, ज्यातून चौकटींचा लांब कागद सावकाश बाहेर येत होता. तिने पट्टा बांधला आणि खोलीभर ठोक्यांचा आवाज घुमला. मिनिटाला ११० ते १६० म्हणजे ठीक, असे तिने सांगितले. आपल्या बाळाचे १४०च्या आसपास होते. त्या खोलीबद्दल मी मनात जे काही भयंकर रचून ठेवले होते, त्यातले पुष्कळसे तिथे उभी राहिल्यावर उतरले.

आता क्रम सांगते. सोमवारी डॉक्टर गर्भपिशवीचे तोंड तपासतील. ते किती उघडले, किती पातळ आणि मऊ झाले, कोणत्या दिशेला आहे, बाळाचे डोके किती खाली आले, अशा पाच गोष्टींना गुण देतात; एकूण गुण तेरा. मागच्या तपासणीत माझे गुण कमी भरले, म्हणजे तोंड अजून कच्चे आहे. म्हणून आधी ते मऊ होण्यासाठी एक जेल लावतील, जे फ्रिजमध्ये ठेवलेल्या लहानशा पिचकारीतून आत सोडतात आणि त्यानंतर अर्धा तास पडून राहावे लागते. सहा तासांनी पुन्हा तपासतील, लागल्यास दुसरे जेल. तोंड पुरेसे मऊ झाले की पाण्याची पिशवी फोडणे आणि सलाइन. पहिलटकरणीला यात एक दिवस सहज जातो, कधी दोनही जातात. त्यामुळे मंगळवारी सकाळी ‘अजून काही नाही’ असा निरोप आला तर त्याचा अर्थ काही बिघडले असा मुळीच घेऊ नका.

बाबा, तुम्ही विचारले होते की असे औषध दिले की शेवटी सिझेरियनच होते ना. मलाही तसेच वाटायचे. २०१८ साली अमेरिकेत सहा हजारांहून अधिक पहिलटकरणींवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ३९व्या आठवड्यात कळा आणलेल्या बायकांमध्ये सिझेरियनचे प्रमाण सुमारे १९ टक्के होते, आणि वाट पाहिलेल्यांमध्ये सुमारे २२ टक्के. त्या बायकांना काही त्रास नव्हता, मला साखर आहे, तेव्हा ते आकडे जसेच्या तसे मला लागू होणार नाहीत. पण औषधामुळेच सिझेरियन होते ही समजूत तरी त्यावरून टिकत नाही. आणि बाळासाठी तशी गरज पडली तर मी सही करणार आहे, तुम्हीही मन घट्ट करा. रक्तगट नोंदवून ठेवला आहे.

इतके सगळे समजूनही रात्री भीती वाटतेच. पहाटे जाग येते, छाती धडधडते, हाताला घाम सुटतो, आणि बाळ थोडा वेळ हलले नाही की काहीतरी झाले असावे असे वाटते. त्यावर मी काय करते ते लिहिते, म्हणजे मी एकटी रडत बसते अशी कल्पना तुम्ही करून घेणार नाही. डाव्या कुशीवर वळून बाळाची हालचाल मोजते. दोन तासांत दहा वेळा हलले म्हणजे चांगले, आणि आपले बाळ बहुधा त्याच्या कितीतरी आधी दहा पुरे करते. न हलल्यास उजाडण्याची वाट न पाहता रुग्णालयात जायचे, हे आमचे ठरलेले आहे. मग चार मोजत श्वास आत आणि सहा-सात मोजत सावकाश बाहेर. उच्छ्वास लांबला की धडधड खरोखर कमी होते. उशाशी वही ठेवली आहे. जी शंका छळते ती तिच्यात लिहिते आणि सकाळी पाहते: डॉक्टरांना विचारण्याजोगी असेल तर खूण करते, नसेल तर पान उलटते. रात्री मोबाइलवर इतरांच्या बाळंतपणाच्या हकिगती वाचणे पूर्ण बंद केले आहे, कारण तिथे मुख्यतः ज्यांचे वाईट झाले तेच लिहितात. संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूतून चालते. झोप अशीच उडू लागली तर स्पष्ट सांगायचे, असे डॉक्टरांनी बजावले आहे, आणि मीही पहिल्यांदाच त्यांना ‘मला भीती वाटते’ असे सरळ सांगितले. त्यांनी ते वाक्य माझ्या कागदावर लिहून ठेवले, याचा मला फार आधार वाटला.

बाबा, तारीख आपल्या हातात आहे तर पंचांग पाहून चांगले नक्षत्र साधावे, असे तुमचे म्हणणे. पण आपल्या हातात औषध सुरू करण्याची वेळ आहे, जन्माची नाही. एखादा मुहूर्त मनात धरून बसले तर तो हुकल्याचे दुःख मला त्या खाटेवर सोसावे लागेल. तुम्ही वेळणेश्वरी गुरवाकडून गाऱ्हाणे घालून घेतलेत, हे मात्र मला मनापासून आवडले. त्यात ‘दोघांना सुखरूप सोडव’ एवढेच मागितले आहे ना, मग मला आणखी काही नको.

आता आईसाठी. प्रसूतिगृहात माझ्यासोबत एकच व्यक्ती थांबू शकते. २०१६ पासून केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांतही अशी सोबतीण ठेवण्याची मुभा दिली आहे आणि जिने स्वतः बाळंतपण अनुभवले आहे अशी बाई असावी असे सुचवले आहे. जावयांशी बोलून मी तुझे नाव दिले आहे. मला तूच जवळ हवी आहेस. म्हणूनच एवढे सगळे लिहिले, कारण तिथे काय चालले आहे हे तुला ठाऊक असले तर तुझा हात थरथरणार नाही, आणि तो थरथरला तर मला कळल्यावाचून राहणार नाही. कळ आली की कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, तळहाताने जोरात दाबून धर. दोन कळांच्या मध्ये पाणी पाज. ‘आम्ही नाही का सोसले’ हे वाक्य त्या दिवसापुरते बोलू नकोस, आणि मावशीचे नाव काढू नकोस. मी ओरडले तर ओरडू दे. तुला स्वतःला सहन होईनासे झाले तर निःसंकोच बाहेर जा, जावई दाराशीच असतील. त्यात तू मला सोडून गेलीस असे मी कधीच मानणार नाही.

डिंकाचे लाडू कर, पण थोडेच आणि गूळ बेताचा. बहुतेक जणींची साखर बाळंतपणानंतर उतरते, तरी सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोजची तपासणी करेपर्यंत मला जपून खावे लागेल. अळीव हवेत. बाळाला जन्मानंतर तासाभरात अंगावर घ्यायचे आहे आणि त्याची साखर टाचेतून रक्त घेऊन तपासतील, तेव्हा त्याच्या तोंडाला मध लावू नये, हे कृपा करून ऐका.

बाबा, मोहोराच्या दिवसांत फवारणी टाकून येणे तुम्हाला अवघड आहे हे मी जाणते. ती बुधवारनंतर दादा येऊन पाहील, त्याच्याशी बोलणे झाले आहे. तवसाळची फेरीबोट रात्री बंद असते आणि चिपळूणवरून वळसा घालून येणे या वयात तुम्हाला झेपणार नाही, म्हणून सोमवारी सकाळच्याच फेरीने या. जयगडच्या धक्क्यावर जावई गाडी घेऊन थांबतील. तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या आठवडाभर पुरतील एवढ्या घ्या, कानाच्या यंत्राचे जादा सेल घ्या, आणि आईने दुपट्यांसाठी बाजूला ठेवलेली तिची जुनी मऊ लुगडी धुऊन, उन्हात वाळवून आणा. पत्र मिळताच फोन करा.

तुमची,
लेक