आधी हे वाच, मग सिम घाल

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्री

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

नव्या फोनच्या खोक्यात सगळ्यात वर हे पत्र ठेवतोय. उद्यापासून तू ट्रान्स-हार्बरने नेरूळला जाणार. डब्याचं आईने बघितलंय, फोनचं मी बघतो.

माझा फोन गेला ती संध्याकाळ तुला आठवत असेल, पण सगळं मी तेव्हा सांगितलं नव्हतं. कामासाठी डोंबिवलीला निघालो होतो. कळवा सुटल्यावर दारात उभा राहून मेसेज टाइप करत होतो. रुळांशेजारी दबा धरून बसलेल्या कुणीतरी मनगटावर काठीचा फटका मारला आणि फोन खाली पडला. मनगट सुजलं. मनात म्हटलं, फोनला लॉक आहे, बारा हजारांचं नुकसान झालं, जाऊ दे.

लॉक होतंच कुठे? मी टाइप करत होतो, म्हणजे फोन उघडाच पडला. गॅलरीत डेबिट कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो होता, सोयीसाठी म्हणून मीच काढून ठेवलेला. कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख आणि सिमवर येणारा ओटीपी, एवढ्यावर बऱ्याच बँकांत यूपीआयचा नवा पिन बसवता येतो. चोरांनी सिम काढून दुसऱ्या फोनात घातलं असणार. रात्री अकराच्या आत ३८ हजार गेले.

ते माझे होते, गेले. पण त्याच सिमवर त्यांनी माझं व्हॉट्सॲप सुरू केलं आणि साताऱ्याच्या आत्याला लिहिलं, ‘ताई, अडचणीत आहे, लगेच पाच हजार पाठव.’ तिने एक शब्द न विचारता पाठवले. ते मी तिला परत केले, तरी अजून माझा मेसेज आला की ती आधी फोन करून ‘तूच ना रे?’ विचारते. तो प्रश्न ऐकला की आत कुठेतरी तुटतं. ‘माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?’ असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. माझ्या फोनात आत्या होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

म्हणून पहिलं काम, सिमला पिन लाव. फोनच्या लॉकपेक्षा हा वेगळा असतो. सेटिंगमध्ये सिम लॉक म्हणून मिळेल. तो लावला की सिम दुसऱ्या फोनात घातलं तरी पिन दिल्याशिवाय चालत नाही. आधी कंपनीकडून मूळ पिन विचारून घे, अंदाजाने आकडे टाकू नकोस. तीनदा चुकलं की सिम अडकतं आणि पीयूके क्रमांक (सिम उघडायचा कंपनीचा कोड) मागतं, आणि तो दहादा चुकला की सिम कायमचं बाद. व्हॉट्सॲपलाही दोन टप्प्यांची पडताळणी लाव, सहा आकड्यांची. मी ती लावली असती तर आत्याला तो मेसेज गेला नसता. आणि लॉक असतानाही मेसेज पडद्यावर दिसतात, ते बंद कर. नाहीतर ओटीपी वाचायला फोन उघडायचीही गरज पडत नाही.

तरीही काही झालंच, तर घरी सांगायला घाबरू नकोस आणि आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लाव. मी लाजेपोटी दुसऱ्या दिवशी दुपारी लावला. तोवर बहुतेक पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरले होते, जेमतेम ९ हजार गोठवता आले. त्याच रात्री लावला असता तर आणखी वाचले असते, असं मला आजही वाटतं. नव्या फोनचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, मी *#०६# लावून बघितला आणि घरच्या डायरीत लिहिला आहे. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार करून संचार साथी या सरकारी साइटवर तो आकडा देऊन फोन बंद पाडता येतो.

परवा स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे उभा होतो. त्याच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडं होतं, आणि एकाखाली एक लोकांची आधार कार्डं, पॅन कार्डं, एका मुलीची मार्कशीट. आपल्या सोसायटीतल्या काकूंचं आधारही त्यात दिसलं, फोटो, पत्ता, जन्मतारीख सगळं. दुकानदार भला माणूस आहे, पण पुसणार कोण आणि कधी? तुला आता प्रवेशासाठी, पाससाठी, लायब्ररीसाठी सतत प्रती लागतील. जिथे चालत असेल तिथे यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या, साइटवरून झाकलेलं आधार काढून दे, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. प्रिंट काढलीस की समोरच पाठवलेली फाइल पुसायला सांग. संकोच करू नकोस.

ॲपचंही तसंच. टॉर्चच्या ॲपला तुझ्या मैत्रिणींचे नंबर कशाला हवेत? लोकेशन मागितलं तर ‘ॲप वापरत असतानाच’ एवढंच दे. आणि ओळखीच्या नंबरवरून आली तरी, नावाच्या शेवटी एपीके असलेली लग्नपत्रिका म्हणजे पत्रिका नव्हे, ॲप आहे. उघडू नकोस.

आता माझ्याबद्दल. तुझ्या वयाच्या मुलींचे फोन घरात तपासले जातात, मला माहीत आहे. मी तपासणार नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला लावणारे के. एस. पुट्टस्वामी हे निवृत्त न्यायमूर्ती होते, दावा दाखल केला तेव्हा ऐंशी ओलांडलेले. तो हक्क सरकारपुढे आहे आणि बापापुढे नाही, असं मी मानत नाही. कुणी फोटोवरून धमकावलं, कुणी पैसे मागितले, तर माझ्याकडे ये, काय घडलं ते तुला सांगावंसं वाटेल तेवढंच सांग. आधी मार्ग काढू, बाकीचं नंतर.

पिन ठरवलास की मला सांगू नकोस. गाडीत आत जाऊन उभी राहा, आणि पोचल्याचा मेसेज फलाटावर उतरल्यावरच कर, उशीर झाला तरी चालेल.

तुझा,
बाबा