मा. क्रीडामंत्र्यांस खुले पत्र : ‘प्राप्त क्रमांक’ या रकान्यात काय लिहावे?

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : दीर्घ पल्ल्याच्या सागरी जलतरणाची शासनदरबारी यथायोग्य नोंद व सन्मान होण्याबाबत.

महोदय,

१ मार्च २०२३ रोजी आमच्या नेरूळच्या प्रभात कोळी याने न्यूझीलंडमधील कुक सामुद्रधुनी पोहून पार केली आणि ‘ओशन्स सेव्हन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सात सागरी मार्गांची त्याची मालिका पुरी झाली. त्या वेळी तो २३ वर्षांचा होता आणि इतक्या कमी वयात हे सातही मार्ग पोहून गेलेला तोवर जगात कोणी नव्हता. त्याच्या पाच वर्षे आधी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, पुण्याच्या रोहन मोरे याने हीच मालिका पूर्ण केली होती. तसे करणारा तो पहिला आशियाई. दोघांनाही केंद्र शासनाचा तेनझिंग नोर्गे राष्ट्रीय साहस पुरस्कार मिळालेला आहे. राज्याच्या शिवछत्रपती पुरस्कारांतही साहसी क्रीडाप्रकारांसाठी जागा आहे. तेव्हा शासनाने या खेळाकडे पाठ फिरवली, अशी ओरड करण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. माझे म्हणणे एका रकान्यापुरते आहे.

मी स्वतः पोहणारा नाही. धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे ३६ किलोमीटरचे अंतर पोहणाऱ्या मुलांबरोबर होडीत बसून वेळ आणि आहार यांची नोंद ठेवण्याचे काम मी काही वर्षे हौसेने करीत आलो आहे. आमच्याच सोसायटीतील एका मुलीने हे अंतर पार केल्यानंतर क्रीडा सवलतीसाठी तिचा अर्ज भरायला मी तिच्या वडिलांबरोबर एका कार्यालयात गेलो होतो. अर्जात स्पर्धेचे नाव, प्राप्त क्रमांक आणि सहभागी स्पर्धकांची संख्या असे तीन रकाने होते. ती एकटीच पोहली होती. ‘एकच स्पर्धक असेल तर क्रमांकाला अर्थ उरत नाही,’ असे तेथील कर्मचाऱ्याने अगदी सौजन्याने सांगितले आणि नियमाप्रमाणे त्याचे काही चुकलेही नव्हते. स्पर्धक म्हणून समुद्राचे नाव लिहावे काय, असे विचारण्याचा मोह मी तेवढा आवरला.

त्या एका अंकात जे मावत नाही, ते आपल्या कानावर घालणे मला आवश्यक वाटते. मध्यरात्र उलटल्यावर, ओहोटीचे पाणी बाहेर ओढू लागताच ती धरमतरच्या खाडीत उतरली. माने-काखेला मिठाने सोलवटू नये म्हणून ग्रीस चोपडलेले होते, टोपीला मिणमिणती कांडी लावलेली होती आणि होडीतून आम्हाला बराच वेळ तो हिरवा ठिपकाच काय तो दिसत होता. दर अर्ध्या तासाने दोरीला बांधलेली बाटली आम्ही पाण्यात टाकायचो. ती उताणी होऊन दोन-चार घोट घ्यायची आणि बाटली सोडून द्यायची. होडीच्या काठाला हाताचे बोट लागले तरी सगळे पोहणे बाद धरले जाते, म्हणून वडील हातभर अंतरावर असूनही हात पुढे करीत नव्हते. करंजा-रेवसचे दिवे मागे पडले, उजाडले, धुरकटात गेटवेचा घुमट दिसू लागला आणि नेमके तेव्हाच पाणी फिरले. त्यानंतर तासभर ती हात मारीत होती आणि घुमट होता तेवढाच दिसत होता. माझ्या वहीत त्या तासापुढे नुसते हातांचे मोजमाप आहे : मिनिटाला ६२, ६०, ६१.

या खेळात पुरावा असतो तो अशा वहीचा. इंग्लिश खाडीत तर संबंधित संघटनेने नेमलेला निरीक्षक नौकेवर हजर असतो आणि पाण्याचे तापमान, वारा, आहार यांची नोंद त्याच्या सहीनिशी होते. १९५८ मध्ये मिहीर सेन यांनी ती खाडी १४ तास ४५ मिनिटांत पार केली, पुढच्या वर्षी आरती साहा यांनी १६ तास २० मिनिटांत. दोघांनाही लगोलग पद्मश्री देताना कितवा क्रमांक आला, असे देशाने विचारले नव्हते. अर्जाच्या नमुन्याला मात्र तो प्रश्न अजून पडतो. म्हणून विनंती अशी की, एकट्याने केलेल्या सागरी जलतरणासाठी ‘क्रमांक’ व ‘स्पर्धकसंख्या’ या रकान्यांऐवजी मार्ग, अंतर, वेळ आणि मान्यताप्राप्त निरीक्षकाचे प्रमाणपत्र हे निकष सवलती, शिष्यवृत्ती व पुरस्कार या सर्वांसाठी ग्राह्य धरावेत.

दुसरी गोष्ट खर्चाच्या वेळेची. परदेशातील नौकेचे आरक्षण पुष्कळदा दोन-दोन वर्षे आधी करावे लागते आणि तारीख बहुधा भांगाच्या पाण्याची, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेल्या दिवसांतली मिळते. (दिवाळे-सारसोळ्याच्या कोळी बांधवांना भांग आणि उधाण यांतला फरक सांगावा लागत नाही; फायलीत मात्र ‘नेमकी तारीख’ हवी असते.) इंग्लिश खाडीसाठी १६ अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवावे लागते. आपल्याकडचा समुद्र भर थंडीतही २० अंशांखाली उतरत नाही, त्यामुळे नुसत्या सरावासाठीही आधी परदेशी जाऊन राहणे आले. हे सारे पैसे पोहण्याच्या आधी लागतात आणि कुटुंब ते कर्ज काढून उभे करते. सत्काराचा धनादेश नंतर येतो. पात्रता-पोहणे पूर्ण केलेल्या खेळाडूला मंजूर साहाय्यातील काही भाग आगाऊ मिळाला, तर तो शाल-श्रीफळापेक्षा मोठा सन्मान होईल.

आणखी एक छोटी मागणी आहे. नेरूळच्या जेट्टीवर या सात मार्गांची नावे, अंतरे आणि ते पार केलेल्या महाराष्ट्रातील जलतरणपटूंची नावे असलेला एक साधा दगडी फलक असावा. अर्धपुतळा नको. पोरे तिथे खेकडे पाहायला येतात, ती वाचतील.

सोसायटीतील त्या मुलीचा अपुरा अर्ज मी माझ्या नोंदवहीतच घालून ठेवला आहे. नवा नमुना निघाला की तो पुन्हा भरून घेऊन येईन.

आपला विश्वासू,
होडीत बसून नोंदी ठेवणारा नेरूळचा एक रहिवासी